सहीचा नमुना

मुलीला कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा नातेवाइकांनी फीची भीती घातली, इंग्रजीची घातली. कॅलेंडरबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

शाळेचं कॅलेंडर म्हणजे वीतभर वही. आत प्रार्थना, सुट्ट्या, नियम आणि मग शेऱ्यांसाठी कोरी पानं. कोरी पानं सगळ्यात जास्त. शाळेला अनुभव आहे. रोज रात्री पालकानं शेरा वाचून सही करायची आणि ती पहिल्या पानावरच्या नमुन्याशी जुळली पाहिजे.

माझी जुळत नाही. जूनमध्ये प्रिन्सिपल फादरांच्या ऑफिसबाहेर, इस्त्रीचा शर्ट घालून केलेली सही आणि रात्री साडेदहाला एका हातात आमटीची वाटी धरून केलेली सही एकाच माणसाची असेल, हे टीचरना पटत नाही. मलाही पटत नाही. ‘किंडली साइन प्रॉपर्ली’ असा शेरा आला. त्याच्याखालीही सही करायची होती. ती तर आणखीच बिघडली.

आणि राहतो कुठे, तर नाशिकरोडला! इथल्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापतात. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आमच्या गावात लाखो वेळा उमटते, एक वेलांटी इकडची तिकडे होत नाही. शेजारचे काका प्रेसमधूनच रिटायर झालेले. त्यांनी माझ्या सह्या भिंगाखाली धरल्या, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘‘हा माल आमच्याकडे सरळ रद्द झाला असता रे.’’

मग सराव सुरू केला. नमुन्याच्या समोरच्याच पानावर शाळेचा इतिहास छापलाय, त्यामुळे तोही फुकटात पाठ झाला. सुरुवात थेट १५४२ पासून, फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरतात तिथून. मग माझगावचं सेंट मेरीज १८६४, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७, फोर्टातलं सेंट झेवियर्स १८६९. नाशिकपर्यंत पोचायला इतिहासाला पाऊण पान लागतं. कसारा घाटात दमत असावा. पुढे रेल्वे, देवळालीचा तोफखाना, प्रेस, असे बदलीवाले लोक आणि त्यांची पोरं. १९८७ पर्यंत नाशिकला स्वतंत्र धर्मप्रांतसुद्धा नव्हता, सगळा कारभार पुण्याच्या बिशपांकडे. (पुण्याकडे! वाचून माझी सही तिथेच वाकडी झाली.)

शेऱ्यांना तोटा नव्हताच. नखं वाढली. शनिवारच्या पांढऱ्या कॅनव्हासवर डाग (खडू फासून नेले होते, पण पाऊस पडला). हातावर मेंदी, मामाचं लग्न ही सबब चालत नाही. मार्च पास्टमध्ये हसली. ख्रिसमसच्या नाटकात मेंढी असताना संवाद बोलली. वर्गात मराठीत बोलली, या शेऱ्याखाली मी जरा ऐटीतच सही केली, तीही जुळली नाही.

आमच्या आईला यातलं काहीच टोचत नाही. ती दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला रांग लावून मेणबत्ती लावून येते. यंदा तिनं नातीच्या शेऱ्यांसाठी एक आणि माझ्या सहीसाठी एक अशा दोन लावल्या.

शेवटी एका रात्री मुलगीच म्हणाली, ‘‘बाबा, दे इकडे. तुझी सही मला येते.’’ तिनं करून दाखवली. नमुन्याबरहुकूम! दप्तरातून मॉरल सायन्सचं पुस्तक डोकावत होतं. मी तिनं सही केलेलं पान फाडलं आणि तिच्या देखरेखीखाली गिरवायला बसलो. ‘‘शेपटी खाली घे,’’ ती सांगायची, ‘‘अंहं, आता घाई केलीस.’’

दिवाळीपर्यंत हात बसला. शेरे थांबले. आणि माझा एलआयसीचा चेक परत आला. सही जुळत नाही.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी जुनी सही पाहिली, नवी पाहिली, चष्म्यावरून मला पाहिलं.

‘‘मुलगी कॉन्व्हेंटात?’’

‘‘हो.’’

त्यांनी खणातून फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. ‘‘दोन फोटो लागतील. मी माझी मागच्याच वर्षी बदलून घेतली.’’