ऑर्किड आपल्या हवेत मरत नाही, मातीत मरतं

“ऑर्किड हे थंड प्रदेशातलं परदेशी झाड, आपल्याकडे जगत नाही. बांडगूळच ते, दुसऱ्या झाडाला खातं. फुलं गळली की संपलं. तोवर टिकवायचं तर आठवड्याला बर्फाचे तीन खडे घाला.” हा मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर सारखा फिरतोय. तो वाचून लोक जिवंत झाडं कचऱ्यात टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

थंड प्रदेशातलं, परदेशी? मे-जूनमध्ये कोकणात आंब्या-फणसाच्या खोडांकडे पाहा. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब घोस लोंबतात ती सीतेची वेणी, आपलं इथलंच ऑर्किड. नर्सरीत मिळणारं फालेनोप्सिस जातीचं ऑर्किडही आग्नेय आशियातल्या दमट जंगलांमधल्या जातींपासून झालेलं. मुंबईची हवा त्याला मानवते. पुण्या-नागपूरकडे उन्हाळ्यातला कोरडेपणा तेवढा जपावा लागतो.

बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. ऑर्किड सालीला नुसतं धरून बसतं, अन्न स्वतःच्या पानांत तयार करतं.

आता बर्फ. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फालेनोप्सिसला बर्फाने अपाय झाला नाही, हे खरं. पण ती झाडं घरात, सालीच्या तुकड्यांत लावलेली होती. आपल्या बाल्कनीत, एप्रिलच्या वाऱ्यात तेवढं पाणी कसं पुरेल? त्यापेक्षा मुळं बघा. त्यांच्यावर स्पंजासारखा थर असतो. ओला असताना हिरवा, सुकला की रुपेरी. रुपेरी दिसली की कुंडी नळाखाली धरा, तळातून पाणी वाहू द्या, पूर्ण निथळू द्या. हिरवी असतील तर थांबा. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी टिपून घ्या, कुजणं तिथूनच सुरू होतं. आणि बागेतली माती अजिबात नको, तिच्यात मुळं गुदमरतात. बहुतेक झाडं याच कारणाने जातात. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण आणि भरपूर भोकांची कुंडी, एवढं पुरतं.

फुलं गळल्यावर फालेनोप्सिसचा दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापा. कधीकधी तिथूनच फाटा फुटतो. सुकला असेल तर बुडातून काढा. झाड पूर्वेच्या खिडकीत ठेवा. नवा दांडा यायला काही आठवडे गार रात्री लागतात, 18 अंशांच्या आसपास, म्हणून हिवाळ्यात खिडकी उघडी असू द्या. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडची पानं गळलेली जुनी कांडी मात्र कापू नका. नव्या फुटव्याला ती पोसतात, आणि पुष्कळदा फुलं त्यांच्यावरच येतात.