घरात स्प्लॅटरवाला निघाला तर

पालकहो, स्प्लॅटर म्हणजे नकली रक्ताचा सडा पाडणारा, त्यातून हसवणाराही सिनेमा. तो करणारं पोरगं घरात असलं तर लक्षणं ओळखा. पोरगं स्वतःहून "लक्ष्मीपुरीच्या बाजारात जाऊन सामान आणतो" म्हणालं, तर हुरळून जाऊ नका. पिशवी तपासा. लिक्विड ग्लुकोजचा किलोचा डबा, खायचा लाल रंग, कोको पावडर आणि वर जुना बनियन, एवढं एकत्र निघालं तर घरात केक होणार नाही. संध्याकाळी गच्चीवर कुणाचा तरी हात तुटणार आहे आणि तो तुटल्यावर बाकीची चार पोरं पोट धरून हसणार आहेत.

अशा वेळी आधी शिसारी आणावी. ती मनापासून यायला हवी, म्हणून रविवारची सकाळ टाळा. रविवारी आपण मटणाच्या रांगेत असतो. समोर आकड्याला अख्खं बकरं लटकलेलं, ठोकळ्यावर सत्तूर पडतोय, हाडाची कपची उडून काउंटरवर येतीय आणि आपण मान लांब करून सांगतोय, "मांडीचं घाल भावा, काळीज टाक थोडं, नळी राहू दे." तिथून घरी येऊन पाकात कालवलेल्या रंगाला "शी, बघवत नाही" म्हणताना आवाज नीट लागत नाही. सोमवार बरा. उपास असला तर आणखी धार येते.

"कोल्हापूरच्या सिनेमाला हे शोभत नाही" हे वाक्य मात्र गिळा. बाबूराव पेंटरांनी १९२० साली इथल्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत 'सैरंध्री' केला. त्यातला भीमाच्या हातचा कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला. पोरानं हे वाचलेलं असतं. तो शांतपणे ऐकवेल आणि आपण परंपरेच्या विरोधात बोलताना सापडाल.

त्यापेक्षा रसद तोडा. ग्लुकोज जप्त करा. फक्त गुऱ्हाळांचा हंगाम चालू नाही ना, एवढं बघा. नाहीतर तो काकवीकडं वळेल. काकवीचं रक्त वाईट नसतं. मूळचा तपकिरी रंग असल्यानं वाळत चाललेल्या डागांना ते झकास दिसतं, पण ताज्या जखमेला चालत नाही. शिवाय पाणी घालून पातळ केलेली काकवी उन्हाळ्यात बूच लावून ठेवली की आंबते, आणि मग बूच छताला लागतं. मुंगळे त्याआधीच आलेले असतात. तेव्हा ग्लुकोज मुकाट्यानं परत करा.

पातेलं हातात आलंच आहे, तर जाता जाता आत डोकवा. रक्त गुलाबी झालंय ना? पोरांचं पहिलं रक्त कोकमच्या सरबतासारखंच दिसतं, कारण ते पारदर्शक असतं आणि उजेड आरपार जातो. किलोभर ग्लुकोजला पाव लिटर कोमट पाणी, त्यात दोन चमचे कोको. कोको आधी थोड्या गरम पाण्यात घोटायचा, थेट टाकला तर गुठळ्या होतात. मग लाल रंग, आणि शेवटी हिरव्याचा एखाद-दुसरा थेंब. त्या थेंबानं गुलाबीपणा मरतो. जास्त पडला तर सरळ चॉकलेटच होतं, म्हणून थेंब मोजूनच. पांढऱ्या फडक्यावर टाकून, ज्या दिव्यात शूटिंग आहे त्याच दिव्यात बघायचं. फोनवर शूट करत असतील तर व्हाइट बॅलन्स लॉक करायला सांगा; पडदाभर लाल आलं की फोन आपल्या अकलेनं रंग 'सुधारतो'.

विरोध चालूच ठेवा हं.

चिळकांडीसाठी तो पाठीवरचा फवारणी पंप मागेल, सोळा लिटरचा. गावाकडचा वापरलेला पंप अजिबात देऊ नका, कितीही धुतला तरी औषध राहतं आणि हे रक्त तोंडात जाणार असतं. नवाच घ्यावा लागतो. रक्त निम्म्यानं पातळ करून मलमलीतून गाळायचं आणि पुढचं नोझल काढून टाकायचं. नोझल ठेवलं तर दोन फवाऱ्यांत तुंबतं, नाहीतर नुसतं धुकं पडतं. धुक्याला कोण हसणार?

खरोखर सिनेमा बुडवायचाच असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे. प्रेमानं सांगा, "बाळा, जरा कमी रक्त घे." माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. तेवढ्यातच भागवलं की बघणारा जखम मोजत बसतो, कुणाला किती लागलं म्हणून कळवळतो आणि थिएटर गप्प होतं. न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सननं १९९२ च्या 'ब्रेनडेड'मध्ये नायकाच्या छातीला गवत कापायचं यंत्र बांधून त्याला प्रेतांच्या गर्दीत घातलं. त्या शेवटच्या धिंगाण्यात सुमारे ३०० लिटर नकली रक्त ओतलं, असं सांगतात. एवढ्यात मोजणाराच दमतो. दमला की हसतो. पण नायकाला दुखतंय असं एकदा जरी दाखवलं, तर हे सगळं पाणी वाया. हात तुटलेल्यानं फक्त वैतागायचं असतं, घड्याळ त्याच हातात होतं म्हणून. पोराचा नट कण्हत असेल तर त्याचं कौतुक करा. कारभार तिथंच आटोपेल.

शर्ट एकसारखे तीन आणायला लागतात, कारण प्रत्येक रीटेकला कोरा लागतो. रक्ताचा शॉट दिवसाच्या शेवटी. पाक वाळला की कापड पत्रा होतं. 'द ईव्हिल डेड' या भयपटाच्या वेळी नायकाचा असा वाळलेला शर्ट चक्क मोडला होता. आतड्यांसाठी वजडी आणू द्यायची नाही, दिव्याखाली तासाभरात वास सुटतो आणि पडद्यावर ती नुसती करडी दिसते. जुन्या नायलॉन मोज्यात कापूस भरून वर पाक, काम झालं. हाड मोडल्याचा आवाज उसाच्या कांड्याचा घ्यावा. कांडं माईकजवळ मोडायचं, पेरावर नाही, मधोमध.

गच्ची गार पाण्यानं लगेच धुवायला लावा, पाकावरून घसरून खरंच कुणाचं तरी हाड मोडेल. हाताला बसलेला रंग एक-दोन दिवस जात नाही, शाळेत काय सांगायचं ते आधीच ठरवा.

शेवटी ते प्रेत व्हायला बोलावतीलच. घरात मोठा देह तुमचाच आहे. आढेवेढे घ्या, पण पालथं पडायचीच भूमिका मागा. उताण्या प्रेताचं पोट हलताना दिसतं. पंपाची नळी डाव्या बाहीतून घेऊन काखेत चिकटपट्टीनं पक्की करायची, आणि पंप मारायच्या आधी "तोंड मिट" असं ओरडायला एकाला उभं ठेवायचं.