‘जाहिरात’ म्हणण्याआधी लेख तरी वाचा

नमस्कार.

सोन्यावरच्या ‘गोल्ड बुलेटिन’ या संशोधन-नियतकालिकाबद्दल मी एक लेख लिहिला. त्यावर तुम्ही लिहिता, ‘सोनं खपवणाऱ्यांच्या नियतकालिकाला संशोधन म्हणणं म्हणजे सराफाच्या तराजूवरच सराफाची परीक्षा. ही चक्क जाहिरात आहे, आणि झवेरी बाजारातल्या कारागिराला तिचा काडीचा उपयोग नाही.’ मतभेद असू द्या, पण अनोळखी माणसाच्या तोंडावर ‘चक्क जाहिरात’ फेकायची ही कुठली रीत?

एक मान्य. ‘गोल्ड बुलेटिन’ १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खाणमालकांच्या संघटनेनं काढलं, पुढे ते वर्ल्ड गोल्ड कौन्सिल या सोनेखाण कंपन्यांच्या जागतिक संघटनेकडे गेलं. ही मालकी मी माझ्या लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात दिली होती, ती आता वर घेतली आहे. झालं?

आता ‘काडीचा उपयोग नाही’. माझी उमेदीची वर्षं झवेरी बाजारात सोनं गाळण्यात गेली आहेत, तेव्हा कारागिराचं मला सांगू नका. त्या नियतकालिकात १९८९ साली ९९० भाग सोनं आणि १० भाग टायटॅनियम या मिश्रधातूवर लेख आला. शुद्ध सोनं तापवून नरम केलं की त्याची कठिणता विकर्स मापावर जेमतेम २० ते ३०. हा मिश्रधातू ८०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून पाण्यात विझवला की ७०च्या आसपास. मग ५०० अंशांवर आणखी तासभर ठेवला की १७०, कारण सोनं-टायटॅनियमचे बारीक कण आतल्या आत तयार होतात. पिवळेपणा जवळपास तसाच, आणि माल पावणेचोवीस कॅरेटचा.

फसतं कुठे? टॉर्चच्या, म्हणजे गॅसच्या, उघड्या ज्योतीखाली. टाकणखार (बोरॅक्स) कितीही टाका, टायटॅनियम हवेशी जळून मळीत जातं आणि मुशीत उरतं नरम सोनंच. म्हणून गाळणी निर्वात भट्टीत किंवा आर्गॉन या निष्क्रिय वायूतच हवी. मोड परत गाळतानाही हेच. कठीण केलेल्या दागिन्याला नंतर डाख (सांधा जोडणारा धातू) लावली, तर आचेनं तेवढा भाग पुन्हा नरम पडतो. आधी डाख लावावी, तर ८०० अंश न सोसणारी डाख भट्टीत सुटते. सांधा लेसरनं केलेला बरा.

पैसे खाणमालकांचे होते, म्हणून ५०० अंशांचे ४०० होत नाहीत. तापमान, वेळ, कठिणता छापली की ज्याच्याकडे भट्टी आहे तो पडताळून पाहू शकतो. जाहिरात एवढं उघडं करत नाही.

१९८९चा तो लेख खोडायचा असेल तर जरूर खोडा. फक्त किती अंशांवर किती वेळ ठेवलं आणि कठिणता किती भरली, ते लिहा.