गुण जास्त म्हणून दूध जास्त? गाईच्या बांध्याच्या गुणांकनाबद्दल फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

पोळ्यापासून आमच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी-कारंजा भागातील दूध उत्पादकांच्या मोबाइलवर एक संदेश सतत फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : परदेशात प्रत्येक दुभत्या गाईला शंभरपैकी गुण दिले जातात आणि जिला नव्वदच्या वर गुण, तीच बादली भरते. प्रत्येक अवयवाला १ ते ९ असे गुण असतात आणि ९ म्हणजे सर्वांत उत्तम. म्हणून बाजारात गाय घेताना उंच, अंगाने भरलेली, मोठ्या लोंबत्या कासेची आणि बोटाएवढ्या जाड दुधाच्या शिरेची गाय घ्यावी. आपली स्थानिक गवळाऊ जातीची गाय या मापात नापास होते, म्हणून ती विकून टाकावी. गाईचा फोटो पाठवल्यास गुण कळवले जातील, असे आश्वासनही शेवटी आहे.

हा संदेश पूर्णपणे बनावट असता, तर एवढे लिहिण्याची गरज पडली नसती. बांध्याचे गुणांकन ही खरी, जुनी आणि उपयोगाची पद्धत आहे. संदेशात तिची नावे आणि आकडे बरोबर उचलले आहेत, पण त्यांचा अर्थ उलटा लावला आहे, आणि त्या उलट्या अर्थावर विसंबून कोणी सत्तर-ऐंशी हजार रुपयांचा व्यवहार करणार असेल, तर प्रत्येक मुद्दा तपासणे भाग आहे.

पहिला मुद्दा गुण आणि दूध यांच्या नात्याचा. अमेरिकेतील होल्स्टिन गाईंच्या संघटनेची पद्धत या बाबतीत सर्वांत परिचित आहे. तिच्यात कासेला ४० टक्के, दुभत्या गाईला साजेशा ठेवणीला व ताकदीला २० टक्के, पाय व खुरांना २० टक्के, पुढचा भाग व शरीराची सामावण्याची क्षमता यांना १५ टक्के आणि पुठ्ठ्याला, म्हणजे कमरेमागच्या भागाला, ५ टक्के असे वजन दिलेले आहे. या बेरजेत लिटरला एकही गुण नाही. ९० ते ९७ गुणांची गाय 'उत्कृष्ट' ठरते आणि ९७ च्या पुढे गुण दिलेच जात नाहीत. दुधाची नोंद हा स्वतंत्र कारभार आहे : महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध मोजायचे आणि त्यावरून ३०५ दिवसांच्या वेताचे दूध काढायचे. जास्त गुणांची गाय कमी दूध देऊ शकते आणि भरपूर दूध देणाऱ्या गाईचे गुण बेताचे असू शकतात.

मग दूध सांगत नाही ते गुणांकन कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. ही गाय किती वेते टिकेल, याचा अंदाज त्यातून येतो. दिवसाला सरासरी बारा लिटर देणारी गाय दुसऱ्या वेतानंतर कासेमुळे किंवा पायांमुळे काढून टाकावी लागली, तर तीनशे दिवसांच्या वेताच्या हिशेबाने तिने एकंदर ७,२०० लिटर दूध दिले. नऊ लिटरची गाय सहा वेते टिकली, तर तिचे १६,२०० लिटर होतात. कालवड वाढवण्याचा अडीच-तीन वर्षांचा खर्च दोघींचाही सारखाच असतो, आणि कासेला चाळीस टक्के वजन का दिले आहे, हे या हिशेबावरून ध्यानात येते.

दुसरा मुद्दा १ ते ९ या आकड्यांचा आहे आणि सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. हे आकडे परीक्षेचे गुण नाहीत. एखाद्या अवयवाची ठेवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोठे बसते, एवढेच ते सांगतात. पशूंच्या नोंदीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या समितीने जी पट्टी घालून दिली आहे, तिच्यात मागच्या पायाची बाजूने दिसणारी ठेवण घ्या : १ म्हणजे काठीसारखा सरळ पाय आणि ९ म्हणजे विळ्यासारखा वाकलेला पाय. सरळ पायाच्या गाईच्या सांध्यांना प्रत्येक पावलाचा धक्का बसतो, विळ्यासारख्या पायाच्या गाईचा भार खुराच्या टाचेवर जातो, आणि म्हणून येथे हवा असतो तो मधला ५. पुठ्ठ्याचा उतारही तसाच आहे. या पट्टीवर ३ म्हणजे सपाट पुठ्ठा आणि ५ म्हणजे कमरेच्या हाडापेक्षा बसण्याचे हाड सुमारे चार सेंटीमीटर खाली. हा थोडा उतार असला की व्याल्यानंतरची घाण बाहेर पडणे सोपे जाते, आणि तो उलटा झाला, म्हणजे मागची हाडे वर आली, तर गाय पुन्हा गाभण राहण्यात अडचणी येतात. नऊच्या मागे धावणारा माणूस येथे विळ्याच्या पायांची आणि घसरत्या पुठ्ठ्याची गाय घेऊन घरी येईल.

सडांच्या लांबीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. याच पट्टीवर मधला आकडा सुमारे पाच सेंटीमीटरच्या सडाचा आहे. यंत्राने दूध काढणाऱ्या देशांत थोडे आखूड सड चालून जातात, परंतु आपल्याकडे बहुतेक घरी हातानेच धार काढली जाते आणि मुठीत न बसणारा सड चिमटीने ओढावा लागला, तर सडाला इजा होते आणि काढणाऱ्याची बोटेही थकतात. फार लांब सड गाईच्या स्वतःच्याच पायाखाली सापडतात. अवयव तोच, पट्टी तीच, पण कोणता आकडा आपल्याला सोयीचा, हे आपली दूध काढण्याची रीत ठरवते. संदेश लिहिणाऱ्याने एवढा विचार केलेला नाही.

तिसरा मुद्दा उंच आणि अंगाने भरलेल्या गाईचा. येथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. बांधा म्हणजे हाडांची, पायांची आणि कासेची ठेवण. ती वेताच्या दरम्यान फारशी बदलत नाही. अंगावरची चरबी महिन्यागणिक बदलते आणि तिच्यासाठी १ ते ५ अशी निराळी पट्टी आहे, जिच्यावर १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ५ म्हणजे चरबीने गच्च भरलेली गाय. विण्याच्या वेळी गाय ३ ते साडेतीनच्या आसपास असावी. त्याहून लठ्ठ गाय व्याल्यानंतर चारा कमी खाते, अंगातील चरबी झपाट्याने वितळते आणि किटोसिससारखे विकार होतात. व्याल्यानंतर तीन महिन्यांनीही जी गाय अंगाने गोलमटोल आहे, तिची सरकी ढेप बादलीत न उतरता अंगावर चढत आहे, असे समजण्यास जागा असते. चांगल्या दुभत्या गाईच्या बरगड्या रुंद अंतरावर, मागे झुकलेल्या आणि थोड्या दिसणाऱ्या असतात, हे जुनी गवळी माणसे सांगतच आली आहेत.

उंचीचा मोह तर प्रत्यक्ष अमेरिकेतही ओसरला आहे. तेथील नेट मेरिट या आनुवंशिक निर्देशांकात मोठ्या अंगाला उणे वजन आहे, कारण मोठे शरीर पोसायला जास्त चारा लागतो. गाईला अंगवजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा-खुराक लागतो, असे धरले, तर शंभर किलो जास्त वजनाच्या गाईला वर्षाला नऊशे ते अकराशे किलो जास्त लागेल. कुटाराचा आणि कडब्याचा उन्हाळ्यातला भाव ज्याला ठाऊक आहे, त्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा. शिवाय मोठ्या अंगाच्या गाईला वैशाखातील आपले ४५ अंशांचे ऊन अधिक सोसावे लागते.

चौथा मुद्दा कास आणि दुधाच्या शिरेचा. यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. पोटाखालून पुढे जाणारी ती जाड शीर दूध वाहून नेत नाही. कासेतून परत हृदयाकडे जाणारे रक्त तिच्यातून वाहते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावे लागते, म्हणून जास्त दूध देणाऱ्या गाईची शीर ठळक दिसू शकते, हे खरे. परंतु वय आणि वेते वाढतात तशी ती शीर आपोआपही जाड व वाकडीतिकडी होते, त्यामुळे म्हाताऱ्या गाईची शीर तरण्या गाईपेक्षा ठळक दिसते आणि घेणारा तिलाच दुधाळ समजतो. जुन्या काळच्या गुणपत्रिकांत या शिरेला गुण असत. आज आंतरराष्ट्रीय पट्टीच्या प्रमाणित अवयवांत तिला स्थान नाही.

मोठ्या कासेची गोष्ट याहून गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी एका गुरांच्या बाजारातून आम्ही एक संकरित गाय घेतली. कास इतकी तटलेली होती की सड बाहेरच्या बाजूला फाकले होते. घरी आणून दूध काढले तेव्हा पहिल्या धारेला बादली जवळजवळ भरली, पण दुसऱ्या दिवसापासून निम्मेच दूध येऊ लागले. विकणाऱ्याने आदल्या संध्याकाळपासून दूध काढलेच नव्हते, हे आम्हाला नंतर उमगले. दूध काढून झाल्यावरही ती कास फारशी आकसत नव्हती, म्हणजे तिच्यात दूध तयार करणाऱ्या ग्रंथींपेक्षा मांसच अधिक होते. कासेला वर उचलून धरणारा मधला बंध सैल झालेला होता, म्हणून दोन भागांमधली खाच बुजली होती आणि कासेचा तळ हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याखाली गेला होता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात ती कास रोज बरबटत असे, उन्हाळ्यात कापणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाटीच्या खुंटांनी सडांना ओरखडे पडत असत. दुसऱ्या पावसाळ्यात दोन सडांना दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली आणि ते दोन्ही सड कायमचे बंद पडले.

म्हणून गुणांकनात कासेची खोली हॉकच्या सांध्याशी ताडून पाहतात, पुढची कास पोटाला किती घट्ट जोडली आहे हे पाहतात आणि मधली खाच किती खोल आहे हे मोजतात. खोल कास आणि जास्त दूध यांचे काही नाते आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तीच खोल कास दगडीला बळी पडते आणि गाईचे आयुष्य घटवते, म्हणून लोंबती कास हे लक्षण विकत घेण्याचे नसून टाळण्याचे आहे.

पाचवा मुद्दा गवळाऊचा, आणि तो वाचून मला खरोखर वाईट वाटले. आंतरराष्ट्रीय पट्टीवर होल्स्टिनची उंची १३० सेंटीमीटर असेल तर आकडा १ आणि १५४ सेंटीमीटर असेल तर ९. त्या पट्टीवर आपली गवळाऊ १ च्याही खाली जाईल यात नवल नाही, कारण ती पट्टी तिच्यासाठी केलेलीच नाही. अशी पट्टी ज्या जातीसाठी वापरायची, त्याच जातीतील दोन टोके धरून आखावी लागते. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेली ही जात मुख्यतः जलद चालणाऱ्या गाडीबैलांसाठी जोपासली गेली. तिचे दूध कमी आहे, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. परंतु कमी दूध आणि वाईट बांधा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गवळाऊचे पाय आणि खूर पिढ्यानपिढ्या चालण्यासाठीच निवडले गेले आहेत. ज्याला केवळ दूध विकायचे आहे त्याने गवळाऊ ठेवू नये, हा त्याच्या धंद्याचा निर्णय झाला. तो निर्णय शास्त्राच्या नावाने तिला नापास ठरवून घेऊ नये. नागपुरी आणि पूर्णाथडी म्हशींनाही हेच लागू आहे.

फोटोवरून गुण देण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गाय चालताना पाहावी लागते, मागून, बाजूने आणि वरून पाहावी लागते, आणि तिचे वय, वेत व व्याल्यानंतरचे दिवस ठाऊक असावे लागतात. त्यातील काहीच एका फोटोत येत नाही.

या पद्धतीचा खरा उपयोग वळू निवडताना होतो. वळूला स्वतःची कास नसते. त्याच्या मुलींची कास पाहूनच त्याची पारख होते. त्यासाठी अनेक गोठ्यांतील त्याच्या पहिल्या वेताच्या मुलींचे गुणांकन प्रशिक्षित माणसे करतात. पहिले वेत अशासाठी, की पुढच्या वेतांपर्यंत वाईट कासेच्या गाई विकल्या गेलेल्या असतात आणि उरलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. आपल्या देशातही २०११-१२ पासून राबवलेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत मुलींच्या नोंदींवरून वळू पारखण्याचे काम हाती घेतले गेले. सगळेच अवयव सारख्या प्रमाणात वारशाने येत नाहीत. अमेरिकी होल्स्टिनमध्ये उंचीतील फरकाचा सुमारे चाळीस टक्के वाटा आनुवंशिक असतो, कासेच्या खोलीत तो तीस टक्क्यांच्या थोडा खाली, आणि खुराच्या कोनात पंधरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कास वळू निवडून बऱ्यापैकी सुधारता येते, खुरांसाठी मात्र कोरडे ठाण आणि वेळेवर खूर कापणे यांनाच अधिक महत्त्व आहे.

दोन सड गमावलेल्या त्या गाईची एक कालवड आमच्या दावणीला आहे. तिच्या रेतनाच्या वेळी मी गावात येणाऱ्या रेतकाला, म्हणजे कृत्रिम रेतन करणाऱ्याला, वळूच्या मुलींच्या कासेची माहिती विचारली. त्याला तेव्हा ती सांगता आली नाही, पण दोन दिवसांनी तो वळूचे पत्रक घेऊन आला आणि आम्ही दोघांनी मिळून कासेची खोली व पुढची जोडणी पाहून वळू बदलला. कालवड येत्या कार्तिकात व्यायची आहे. तिचे दूध काढून झाल्यावर कासेचा तळ हॉकच्या सांध्यापासून किती बोटे वर राहतो, हे मी मोजून ठेवणार आहे, म्हणजे तिला पुढच्या रेतनासाठी कोणता वळू द्यायचा, हे ठरवताना ते माप हाताशी असेल.