मुलीचं नाव ‘अहिल्या’ ठेवू नका म्हणणाऱ्यांना

‘मुलीचं नाव अहिल्या ठेवण्याआधी हे वाचाच’ अशा मथळ्याचा मेसेज सध्या फिरतोय. तो माझ्या बाळंतीण वहिनीपर्यंत पोचला आणि ठरलेलं नाव बदलायचं म्हणून ती रडत बसली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. म्हणून उत्तरही मीच देते.

पहिला मुद्दा: हल म्हणजे नांगर, अहल्या (अहिल्याचं मूळ रूप) म्हणजे नांगर न लागलेली जमीन, म्हणून या नावाच्या मुलीची कूस उजवत नाही. व्युत्पत्ती तशी सांगतात, तेवढं मान्य. पण न नांगरलेली जमीन नापीक असते, हे कुठल्या शेतकऱ्याने सांगितलं? रामायणाच्या उत्तरकांडात तर ब्रह्मदेवाच्या तोंडी वेगळाच अर्थ आहे. हल म्हणजे कुरूपपणा, तो जिच्यात नाही ती अहल्या. शिवाय रामायणातल्या अहल्येला मुलगा आहे! शतानंद, जनकाचा पुरोहित. विश्वामित्र मिथिलेला येतात तेव्हा ‘माझ्या आईची आणि रामाची भेट घडवलीत ना?’ असं तो अधीर होऊन विचारतो.

दुसरा मुद्दा: ही शापाने दगड झालेली बाई. दगडाची गोष्ट आपण सगळ्यांनी कीर्तनांतून ऐकली आहे आणि पुढच्या ग्रंथांत ती आहेही. पण वाल्मीकींच्या बालकांडात (प्रचलित प्रतींत सर्ग 48 आणि 49) दगड नाहीच. तिथे ती वाऱ्यावर जगते, राखेत झोपते, कुणाच्या नजरेला न पडता तप करते. इंद्राला तिने ओळखलं होतं, हेही तिथे स्वच्छ लिहिलंय. आणि तरीही राम-लक्ष्मण येतात तेव्हा तेच तिच्या पाया पडतात. पंचकन्यांच्या श्लोकातही पहिलं नाव तिचंच. रोज स्मरावं असं ज्या नावाबद्दल परंपरा सांगते, ते पाळण्यात अशुभ कसं होतं?

तिसरा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं. ‘अहिल्याबाई होळकरांचा नवरा गेला, मुलगा गेला, जावई गेला, लेक सती गेली. हा नावाचाच दोष.’ घटना खऱ्या आहेत. पण नवरा खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले. त्याच गोळ्याने त्यांच्या आईचा, गौतमाबाईंचाही मुलगा गेला, त्यांचं नाव कुणी अशुभ ठरवलं नाही. पेशव्यांच्या गोपिकाबाई घ्या. 1761 साली पानिपतावर मुलगा विश्वासराव गेले, त्याच वर्षी नवरा नानासाहेब गेले, 1772 साली दुसरा मुलगा माधवराव क्षयाने गेले आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या मुलाचा, नारायणरावांचा खून झाला. मग गोपिका नावाविरुद्ध मेसेज का नाही? त्या काळात लढाया होत्या, क्षयाला औषध नव्हतं, सतीची चाल होती. माणसं त्याने गेली. त्यांच्या मरणाचा ठपका घरातल्या बाईच्या नावावर ठेवणं म्हणजे तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणण्यासारखंच आहे, आणि ते आता पाळण्यातल्या लेकीपर्यंत आणून सोडलंय.

बरं, नावाचाच प्रभाव मानायचा, तर बाकीचाही माना ना! 1767 ते 1795 एवढा मोठा काळ या बाईने राज्य चालवलं. महेश्वरला विणकर वसवले, त्यांच्या लुगड्यांना आजही मागणी आहे. काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. देशभरच्या देवळांचा, घाटांचा, धर्मशाळांचा खर्च तिने आपल्या खासगीतून केला. मरणं तेवढी मोजायची आणि हे सगळं गाळायचं, हा कुठला हिशेब?

शेवटी अंकशास्त्र. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवला की म्हणे दोष जातो. होळकरांचं दफ्तर मोडी लिपीत होतं. त्या ‘ए’चा अहिल्याबाईंशी काय संबंध?

वहिनी, नाव अहिल्याच राहील. आणि ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांनी आधी तिला फोन करून माफी मागावी, मग बारशाला यावं.