ग्राहक जोडा, वाटून खा

अभिनंदन! समूहाने तुम्हाला 'चीफ डेटा ऑफिसर' केलं. म्हणजे कपड्यांची दुकानं, औषधांची दुकानं, विमा कंपनी आणि कर्ज देणारी कंपनी, या चौघांची गिऱ्हाइकं आता तुम्ही एका जागी आणायची. त्यासाठी क्लाउडवर डेटा वेअरहाउस, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवायचं कोठार, घ्या. क्लाउड म्हणजे ऐरोली-महापेकडच्या, एसी आणि जनरेटर घरघरत असलेल्या इमारती, हे संचालक मंडळाला सांगत बसू नका. त्यांना स्लाइडवर ढग आवडतो.

सुरुवात काउंटरपासून. रुमाल घेतला तरी "मोबाईल नंबर?" विचारायचं, आणि ते अशा सुरात की प्रश्नचिन्ह ऐकूच येऊ नये. नंबर दिला नाही म्हणून माल नाकारू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. तुम्ही कुठे नाकारताय? फक्त दहा आकडे भरल्याशिवाय बिल पुढे सरकणार नाही, एवढं सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या. मग एखादे काका हट्टाला पेटतात, मागे रांग वाढते आणि काउंटरवरची मुलगी मुकाट्याने दहा वेळा नऊ दाबते. वर्षअखेरीला हाच नंबर तुमचा सर्वांत निष्ठावान ग्राहक म्हणून वर येईल. तो एकाच मिनिटाला नागपुरात डायपर आणि कोल्हापुरात गुडघेदुखीचं मलम घेतो. त्याला प्लॅटिनम कार्ड द्या.

आता खरं काम, जोडणी. एकच माणूस कर्जाच्या अर्जावर 'पाटील संजय रामचंद्र' असतो, औषधांच्या बिलावर 'संजय पी' आणि पार्सलवर नुसता 'संजूभाऊ'. या तिघांचा मिळून एक 'गोल्डन रेकॉर्ड' करायचा. नावं जुळत नाहीत म्हणून मशीन जन्मतारखेकडे वळेल आणि तिथे त्याला घबाड सापडेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची तारीख अंदाजपंचे लिहून टाकली, त्यांच्या दाखल्यांवर जिकडेतिकडे १ जून आहे. संजय पाटील, १ जून, जिल्हा सातारा: एवढं जुळलं की मशीन छातीठोकपणे सांगतं, हा एकच इसम. होऊ द्या एक. एका संजयचं मधुमेहाचं औषध आणि दुसऱ्या संजयचा ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता एकाच डोक्यावर आले, तर विम्याचा प्रीमियम वाढवायला आणि कर्ज नाकारायला एकदमच कारण मिळतं. दोघांनाही का ते कळणार नाही. विचारायला आले तर "सिस्टीममध्ये तसं दाखवतंय" हे उत्तर तयार ठेवा.

मग वाटप. इथे तंत्रज्ञानाने कमाल केलीय. पूर्वी डेटा द्यायचा म्हणजे 'फायनल नवीन २' नावाची एक्सेल फाइल ईमेलने जायची आणि मागे पुरावा राहायचा. आता फाइल जातच नाही. वेअरहाउसमध्ये एक 'शेअर' बनवायचा, भागीदार कंपनीचं खातं त्याला जोडायचं, की ती थेट तुमच्याच टेबलवर, म्हणजे नोंदींच्या तक्त्यावर, आपली क्वेरी (हवी ती माहिती काढणारी आज्ञा) चालवते. साठवणीचं बिल तुमचं, क्वेरीचं तिचं. प्रत निघालेली नाही, त्यामुळे "आम्ही ग्राहकांची माहिती कुणालाही पाठवत नाही" हे तुम्ही देवाशपथ म्हणू शकता. भागीदाराने ते सगळं आपल्याकडच्या नव्या टेबलमध्ये उतरवून घेतलं (एका ओळीचं काम आहे), तर ते त्याचं त्याच्यापाशी. तुम्ही उद्या शेअर बंद केलात तरी ते टेबल तिथेच राहील.

कायदा विभागाने कुरकुर केली तर म्हणा, नंबर हॅश केलेत, म्हणजे सूत्रात घालून ओळखू न येणाऱ्या अक्षरांची माळ केलीय. हॅश म्हटलं की वकील गप्प बसतात. आपले मोबाईल नंबर सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होतात आणि पुढे नऊ आकडे, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. गेम खेळणाऱ्या पोराच्या कंप्युटरला तेवढे हॅश काढून ताडून बघायला चहा उकळेपर्यंतचाही वेळ लागत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये स्वच्छ लिहिलं, की हॅश केल्याने डेटा निनावी होत नाही. पण अमेरिका लांब आहे.

सुरक्षेचं फार मनाला लावून घेऊ नका. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड-वेअरहाउसवर डेटा ठेवणाऱ्या कंपन्यांचं काय झालं ते वाचा, धीर येईल. चोरांनी मालवेअरने उचललेले पासवर्ड टाकले आणि सरळ दारातून आत गेले. त्यातले काही २०२० पासून चोरांच्या हाती होते, तरी कुणी बदलले नव्हते. मल्टिफॅक्टरची, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारख्या पडताळणीची, दुसरी कडीही लावलेली नव्हती. सुमारे १६५ संस्थांना 'तुमचा डेटा गेला असू शकतो' असं कळवावं लागलं. एटी अँड टी या अमेरिकी फोन कंपनीच्या तर जवळपास सगळ्या मोबाईल ग्राहकांच्या, २०२२ मधल्या सहा महिन्यांच्या कॉल-मेसेजच्या नोंदी गेल्या. स्नोफ्लेकचं म्हणणं, आमची यंत्रणा फुटलेली नाही, पासवर्ड खातेदारांचे गेले. खरंच होतं ते. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, आणि इथे तर जातं भाड्याचं.

राहिला आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंड, हे वाचून घाबरलात ना? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. शिवाय दंड सरकारजमा होतो. ज्याचा डेटा गेला त्याला त्यातली दमडीही मिळत नाही. उलट ग्राहकाने खोटी किंवा फालतू तक्रार केली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यातलं हे कलम मात्र तुमच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात छापा.

एक गोष्ट तेवढी चुकूनही जोडू नका: ग्राहकाचा नकार. कपड्यांच्या दुकानाला त्याने "मेसेज नको" सांगितलं, तर ते कपड्यांच्या दुकानापुरतं. नंबर समूहाचा, नकार शाखेचा. औषधवाल्यांना वेगळं सांगावं, विमावाल्यांना वेगळं, आणि ज्या भागीदारांची नावंही त्याला ठाऊक नाहीत त्यांना कसं सांगायचं ते त्याचं त्याने बघावं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं कायदा म्हणतो. म्हणून देणं थोडं अवघड करा, हिशेब बरोबर. माहिती पुसायला सांगितली तर पुसा, खुशाल पुसा. वेअरहाउसमध्ये 'टाइम ट्रॅव्हल', म्हणजे पुसलेलं परत आणायची सोय, असतं; स्नोफ्लेकवर ते ९० दिवसांपर्यंत वाढवता येतं, वर सात दिवसांचं 'फेल-सेफ', म्हणजे स्नोफ्लेककडची शेवटची राखीव प्रत.

तरीही कुणी चिकाटीने 'माझी माहिती काढून टाका' हे पान शोधून काढलंच, तर ओळख पटवण्यासाठी त्याच्याकडून मोबाईल नंबर, ईमेल, जन्मतारीख आणि ओटीपी घ्या. आतापर्यंत अंदाजाने जोडलेला रेकॉर्ड त्या एका फॉर्मने पक्का होतो, आणि 'ग्राहक शेवटचा कधी सक्रिय होता' या रकान्यात आजची तारीख पडते. सक्रिय ग्राहकांची यादी भागीदारांना रोज रात्री आपोआप ताजी दिसते.