ओल्ड ट्रॅफर्ड गळतंय म्हणून पाडायचं? त्या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

मँचेस्टर युनायटेडच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चार जणांनी पाठवला म्हणून शेवटी लिहायला बसलो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियम ११५ वर्षं जुनं आहे, ते दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय, मागे रेल्वे लाईन आहे म्हणून वाढवता येत नाही, रिनोव्हेशन करायला गेलं तर टीम दोन-तीन वर्षं बेघर होणार, उलट १ लाख सीट्सचं नवं स्टेडियम आपला खर्च आपणच काढेल, मँचेस्टरला ९२ हजार नोकऱ्या मिळतील, आणि जे नको म्हणतात ते नुसते भावनेच्या आहारी गेलेत. मी १९९९ च्या बार्सिलोनातल्या त्या चॅम्पियन्स लीग फायनलपासून या क्लबचा आहे, नव्याला माझा आंधळा विरोध नाही, पण या मेसेजमध्ये अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं असं मिसळलंय आणि लोक ते तसंच पुढे ढकलतायत.

तर पहिलं, ११५ वर्षं. मैदान १९१० मध्ये सुरू झालं हे बरोबर. पण मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब पडले आणि स्टेडियमची इतकी वाताहत झाली की ऑगस्ट १९४९ पर्यंत आपल्या होम मॅचेस मँचेस्टर सिटीच्या 'मेन रोड' नावाच्या मैदानावर होत होत्या. १९१० चं म्हणून आज जे दाखवतात ते दक्षिण बाजूला मधोमध असलेलं जुनं टनेल, बाकी जवळपास सगळं नंतर बांधलेलं. तीन मजली नॉर्थ स्टँड, म्हणजे आताचं सर ॲलेक्स फर्ग्युसन स्टँड, १९९५-९६ चं आहे. पूर्व आणि पश्चिमेचे वरचे मजले २००० च्या आसपासचे, उत्तरेचे दोन कोपरे २००६ मध्ये भरले. म्हणजे जो भाग सगळ्यात जास्त लोकांना बसवतो त्याचं वय तीस वर्षांच्या आतबाहेर आहे, आणि तीस वर्षांचं काँक्रीट आणि स्टील कोणी वयामुळे पाडत नाही.

मग गळतं का? मे २०२४ ची आर्सेनलची मॅच सगळ्यांनी पाहिली, कोपऱ्यातल्या छतावरून पाण्याचा अक्षरशः धबधबा पडत होता, मला बघवत नव्हतं. पण २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब विकत घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच बोकांडी बसवलं, २००६ नंतर एकही मोठं काम झालं नाही. वीस वर्षं डागडुजी केली नाही तर कुठलंही छत गळणार.

हे मी आमच्या सोसायटीत जवळून बघितलंय. १९८८ ची बिल्डिंग, टॉप फ्लोअरच्या पॅसेजमध्ये पावसाळाभर तीन बादल्या ठेवलेल्या असायच्या, भिंतींना ओल, आणि एक बिल्डर येऊन सांगून गेला की स्ट्रक्चर गेलंय, रीडेव्हलपमेंटशिवाय पर्याय नाही. आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. इंजिनिअरने कॉलमवर हातोडीने ठोकून ठोकून आवाज ऐकला, दोन-तीन ठिकाणी पोकळ लागलं तिथे प्लास्टर खरवडून सळ्या बघितल्या, मग गच्चीवर गेला आणि पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पाईपच्या तोंडातून मूठभर कुजका पाला आणि एक फुटका शटलकॉक काढून आमच्या हातात दिला. पाणी तुंबून स्लॅबमध्ये मुरत होतं. वॉटरप्रूफिंग, पाईप बदलणं आणि सळ्यांची दुरुस्ती एवढ्यावर काम झालं, त्याला आता सहा पावसाळे झाले. स्टेडियम म्हणजे सोसायटी नाही हे मला कळतं, पण "गळतंय" आणि "पाडावं लागेल" यांच्यामध्ये एक तपासणी असते, आणि फॉरवर्डवाल्यांनी ती पायरीच गाळून टाकलीये.

रेल्वे लाईनचा मुद्दा. हा खरा अडथळा आहे, मी नाकारत नाही. दक्षिणेचं सर बॉबी चार्लटन स्टँड म्हणूनच एकमजली राहिलं, पाठीला रूळ आणि रुळांपलीकडे वस्ती. पण अवघड वेगळं आणि अशक्य वेगळं. स्टेडियमचं पुढे काय करायचं हे बघायला माजी ऑलिम्पिक धावपटू सेबॅस्टियन को यांच्या अध्यक्षतेखाली जो टास्क फोर्स बसला होता त्याच्यासमोर आहे तेच स्टेडियम वाढवून साधारण ८७ हजारांपर्यंत न्यायचा पर्याय होताच, अशक्य असता तर टेबलावर आलाच नसता. माद्रिदचं बर्नाबेऊ बघा, शहराच्या ऐन मध्यात, कास्तेयानासारख्या मोठ्या रस्त्याला लागून, एक फूट मोकळी जागा नाही, तरी आहे त्याच सांगाड्यावर नवं छत आलं आणि सरकवून खाली नेता येणारं पिच बसवलं. तिथेही खर्च फुगून १ अब्ज युरोच्या वर गेला आणि कॉन्सर्टच्या आवाजावरून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या हेही सांगितलं पाहिजे. रिनोव्हेशन स्वस्तात आणि बिनत्रासाचं होतं असं मी म्हणतच नाहीये.

आता "टीम बेघर होईल". इथे मला ज्यांचं नाव घ्यायला जिवावर येतं त्या लिव्हरपूलचं उदाहरण द्यावं लागणार, पण जे खरं ते खरं. त्यांच्याही आधीच्या मालकांनी स्टॅनली पार्कमध्ये नवं स्टेडियम बांधायची स्वप्नं दाखवली होती, २०१२ मध्ये नव्या मालकांनी ते गुंडाळून ॲनफिल्डच वाढवायचं ठरवलं. मेन स्टँडचं काम २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, जुन्या स्टँडच्या पाठीमागे नव्याचा सांगाडा उभा राहत होता आणि पुढे जुन्यात लोक बसून मॅच बघत होते, सप्टेंबर २०१६ मध्ये नवं उघडलं, ४५ हजारांचे ५४ हजार झाले. एकही होम मॅच दुसऱ्या मैदानावर न्यायची वेळ आली नाही. मग ॲनफिल्ड रोड एंड, तो कोविडमुळे वर्षभर पुढे ढकलला, २०२१ ला सुरू केला, मध्येच कॉन्ट्रॅक्टर कंपनी बुडाली म्हणून उशीर झाला, तरी आज ६१ हजार लोक बसतात. या सगळ्या काळात त्यांनी २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० ची लीग जिंकली.

यातलं "वर्षभर पुढे ढकलला" हे परत वाचा, माझ्या मते सगळा वाद इथेच आहे. एकेक स्टँड करत गेलं की थांबता येतं, हातात पैसे असतील तेवढंच काम काढता येतं, एक सीझन वाईट गेला, युरोप हुकलं, तर पुढचं स्टँड दोन वर्षांनी. नव्या स्टेडियमचं तसं नसतं, एकदा पाया खणला की २ अब्ज पौंडांचा सगळा गाडा ओढावाच लागतो, मग टीम पंधराव्या नंबरवर का असेना, आणि २०२४-२५ ला आपण खरंच पंधरावे होतो.

कोणी म्हणेल बार्सिलोनाचं काय, ते तर रिनोव्हेशनच करत होते. हो, २०२३ च्या उन्हाळ्यात ते मोंज्यूइकच्या ऑलिम्पिक स्टेडियमला गेले, २०२४ च्या शेवटाला परतायचं ठरलेलं आणि प्रत्यक्षात नोव्हेंबर २०२५ उजाडला, तेही अर्ध्याहून कमी सीट्स उघडून. पण तिथे वरचा अख्खा मजला पाडून पुन्हा बांधायला काढला, त्याला मी एकेक स्टँडची दुरुस्ती म्हणणार नाही. आणि उशीर नव्या बांधकामाला होत नाही का? वेम्ब्ली २००६ च्या एफए कप फायनलला तयार होणार होतं, ती फायनल कार्डिफला न्यावी लागली आणि स्टेडियम २००७ ला उघडलं. टॉटनहॅमचं २०१८ च्या सीझनच्या सुरुवातीला उघडणार होतं, पहिली मॅच एप्रिल २०१९ ला झाली. आपलं पाच वर्षांत होईल म्हणतात, म्हणजे १६० तयार भाग बाहेर बनवून शिप कॅनॉलमधून आणायचे आणि जोडायचे, आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टर यांनी स्वतः सांगितलंय की एरवी याला दहा वर्षं लागतात. पाठीमागच्या मालगाड्यांच्या टर्मिनलची जागा लागणार ते वेगळंच.

पैशाचं बघू. "स्वतःचा खर्च स्वतः काढेल" हे लिहिणाऱ्याने आर्सेनलकडे तरी बघायचं होतं. २००६ मध्ये ते हायबरी सोडून एमिरेट्सला गेले, ३८ हजारांवरून ६० हजारांवर, तिकिटांचं उत्पन्न भरपूर वाढलं. पण बांधकामाचं कर्ज फेडायचं म्हणून वर्षानुवर्षं हात आखडता घ्यावा लागला, फाब्रेगास गेला, नासरी गेला, २००५ च्या एफए कपनंतर २०१४ पर्यंत नऊ वर्षं एक मोठी ट्रॉफी नाही. आणि २०१२ ला त्यांचा व्हॅन पर्सी कोणी उचलला? आपण. त्याच्या गोलांवर २०१३ ची लीग आपण जिंकली, फर्ग्युसनची शेवटची. दुसऱ्याच्या स्टेडियमच्या कर्जाचा फायदा आपण घेतलाय, आता तीच जागा आपल्याला हवीये का? टॉटनहॅमने २०१८ च्या उन्हाळ्यात एकही खेळाडू घेतला नाही, पुढच्या जानेवारीतही नाही. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) आणि कॉन्सर्टमधून त्यांची आज चांगली कमाई होते हे मान्य, पण ते बांधकाम सुरू करताना त्यांच्या डोक्यावर आपल्याएवढं जुनं ओझं नव्हतं.

कारण आपली परिस्थिती बघा ना. जुनं कर्ज आणि ट्रान्सफरच्या अजून द्यायच्या हप्त्यांची बाकी धरली तर आकडा १ अब्ज पौंडांच्या वर जातो. २०२४ मध्ये अडीचशे लोकांना कामावरून काढलं, २०२५ च्या सुरुवातीला आणखी दोनशेपर्यंत काढायचं जाहीर केलं, स्टाफचं फुकट जेवण बंद केलं, सीझनच्या मध्यात मेंबर्सचं तिकीट ६६ पौंड केलं आणि मुलांची, म्हाताऱ्यांची सवलतसुद्धा काढली. जो क्लब कर्मचाऱ्यांच्या ताटातलं जेवण काढतो तो वर २ अब्जांचं काम काढणार, तर ते पैसे कर्जातून आणि तिकिटातून येणार, तिसरी वाट मला तरी दिसत नाही. १ लाख सीट्स भरतील यात मला शंका नाही, वेटिंग लिस्ट तेवढी मोठी आहेच, प्रश्न आहे की आज पश्चिमेच्या स्ट्रेटफर्ड एंड स्टँडला जो शेजारच्या सॅलफर्डचा माणूस पोराला घेऊन बसतो तो तिथे किती पौंड देऊन बसेल.

९२ हजार नोकऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. तो आकडा, १७ हजार घरं आणि वर्षाला ७.३ अब्ज पौंड हे सगळे आकडे आजूबाजूच्या संपूर्ण भागाच्या विकासाचे आहेत, एकट्या स्टेडियमचे नाहीत. स्टेडियमवर वर्षातून पंचवीस-तीस मॅचेस होतात. घरं, ट्राम, रस्ते जरूर बांधा, पण त्यांचा बराचसा भाग जुनं स्टेडियम उभं ठेवूनही होऊ शकतो, फॉरवर्डमध्ये दोन्हीची गाठ मारून ठेवलीये.

राहिली भावना. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर काकांच्या शेजारी बसून पाटाकडील विरुद्ध दिलबहार या आमच्या तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलो, त्यामुळे कोणी "नुसती भावना" म्हटलं की मला लागतं. पेठेतली माणसं वर्षानुवर्षं ठरलेल्या पायरीवर बसतात, काका गेले त्या वर्षी त्यांची जागा मॅचला आपोआप रिकामी राहिली, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हे दुसऱ्या जागी उचलून नेता येत नाही. वेस्ट हॅमने २०१६ ला अप्टन पार्क सोडलं आणि ऑलिम्पिकच्या मैदानात गेले, दीड-दोन वर्षांत, मार्च २०१८ च्या बर्नलीच्या मॅचला, त्यांचेच लोक पिचवर उतरले आणि मालकांच्या बॉक्ससमोर जमले.

उलट एव्हर्टनने २०२५ मध्ये गुडिसन सोडलं ते मला पटतं. चारी बाजूंनी घरं, कोपऱ्यात चर्च, लाकडी बांधणीचे जुने स्टँड, तिथे वाढायला खरंच जागा नव्हती. त्यांनीही गुडिसन पाडलं नाही, महिलांच्या टीमला दिलं. आपल्याकडे नवं उभं राहिलं की जुनं जमीनदोस्त करायचं असाच एकंदर सूर आहे. आणि सगळं आहे तसं गोठवून ठेवा असंही मी म्हणत नाही, स्ट्रेटफर्ड एंडचं जुनं टेरेस, म्हणजे उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या, १९९२ मध्ये पाडलं तेव्हाही लोक रडले होते, पण नवं स्टँड त्याच जागी उभं राहिलं आणि तीच माणसं परत तिथेच आली. आपलं वानखेडे घ्या, १९७४-७५ चं, २०११ च्या वर्ल्ड कपआधी स्टँड नव्याने बांधले, वर ते पांढरं छत आलं, आणि फायनल त्याच मैदानावर, चर्चगेट-मरीन लाईन्सच्या रुळांना खेटून झाली. तिथेही रेल्वे होतीच.

१९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेलेल्या आपल्या खेळाडूंच्या आठवणीचं, ओल्ड ट्रॅफर्डवरचं ते म्युनिकचं घड्याळ नव्या भिंतीवर लावता येईल हे मलाही माहितीये. पण दर ६ फेब्रुवारीला दुपारी तीननंतर जी माणसं त्या घड्याळाखाली थंडीत उभी राहतात ती १९५८ ची टीम जिथून शेवटची बाहेर पडली त्या जागेवर उभी असतात.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की क्लबने ८७ हजारांच्या पर्यायाचा स्टँडनिहाय हिशोब सगळ्यांसमोर ठेवावा, कुठलं छत आधी, रुळांवरून बांधायला किती, कुठल्या सीझनला किती सीट्स बंद राहतील, आणि त्याच्या शेजारी २ अब्जांच्या कर्जाचं वर्षाचं व्याज लिहावं. तो कागद आला आणि त्यात नवं खरंच परवडतं असं दिसलं तर मी इथेच येऊन माझं मत बदलेन. तोपर्यंत तो मेसेज मला पाठवू नका, आणि ज्यांना तुम्ही पाठवलाय त्यांना हेही पाठवा.